घर बोटीवर चढवताना: यादीच्या वहीतून

निघायला १२ आठवडे

आज खोकी आणायची नाहीत. टेप नको, मार्करही नको. मोजपट्टी आणि एक जाड वही, बस्स. घर परदेशी हलवायचं ठरलं की हात आधी खोक्यांकडे जातात आणि हिशेब मागे राहतो. बोटीने जाणाऱ्या घरसामानाचं भाडं मुख्यतः ते किती जागा खातं यावर ठरतं. म्हणून प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि घनमीटर वहीत लिहायचे.

तीन माणसांचा सोफा २.१ × ०.९ × ०.८५, म्हणजे १.६ घनमीटर. ६० × ४० × ४० सेंटिमीटरचं खोकं ०.०९६, म्हणजे दहा खोक्यांना जेमतेम एक घनमीटर. एका सोफ्याच्या जागेत सोळा खोकी भरून कपडे आणि भांडी जातात. सोफा न्यायचा का, यावर घरात आठवडाभर वाद घालण्यापेक्षा हा एक गुणाकार समोर ठेवावा.

२० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद, २.३९ उंच. कागदावर ३३ घनमीटर. पण खुर्च्यांचे पाय, गोल दिव्यांच्या छत्र्या, वेड्यावाकड्या सायकली यांच्यामुळे २५ ते २८ च्या वर सहसा काही बसत नाही. ४० फुटीत ६७, आणि त्याच लांबीच्या उंच कंटेनरमध्ये ७६. सामान १५ घनमीटरच्या आत असेल तर दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून पाठवण्याचा विचार करावा. ते स्वस्त पडतं, पण कंटेनर भरेपर्यंत सामान गोदामात थांबतं, त्याची चढउतार जास्त वेळा होते आणि दुसऱ्या कुणाचं खोकं कस्टम्सने अडवलं तरी सगळ्यांचाच माल अडकू शकतो.

विमानाचा हिशेब निराळा. सेंटिमीटरमधलं घनफळ भागिले ६०००, येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. वरच्याच खोक्याचं हवाई वजन १६ किलो भरतं. आत ७ किलोच्या रजया असल्या तरी १६ किलोचेच पैसे मोजायचे. फुगीर वस्तू म्हणूनच बोटीने जाव्यात.

वहीचे रकाने आजच आखावेत: खोकी क्रमांक, वस्तू, नग, घनफळ, खरेदीचं वर्ष, सध्याची अवस्था, सिरियल नंबर, आणि नव्या देशात तीच वस्तू घ्यायला किती पडेल ती किंमत. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो. तरी भरावा, पुढे कामाला येतो.

निघायला ११ आठवडे

काय न्यायचं नाही, याचा आठवडा.

चिपबोर्डचं कपाट एकदा सुटं केलं की दुसऱ्यांदा त्याचे स्क्रू धरत नाहीत. भुसा दाबून केलेल्या फळीत आटे टिकत नाहीत. ते इथेच विकावं. भरीव लाकडाचं फर्निचर दमट हवेतून कोरड्या हवेत गेलं की आकसतं, जोड उघडतात, फळीला चीर जाते. ते न्यायचं तर पोचल्यावर हीटरपासून लांब ठेवायची तयारी हवी.

विजेची उपकरणं एकेक उलटी करून मागची पट्टी वाचावी. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर फक्त पिन बदलायची. लॅपटॉप, मोबाइलचे चार्जर बहुधा असेच असतात. खरी पंचाईत पाणी तापवणाऱ्या, इस्त्रीसारख्या वस्तूंची. त्यांची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टची २००० वॅटची किटली ११५ वर लावली तर ५०० वॅटची होते आणि पाणी उकळेपर्यंत माणूस कंटाळतो. उलट, ११५ ची वस्तू २३० वर लावली तर चौपट शक्ती, आणि लगेच धूर. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे पंखा, फ्रिजचा कॉम्प्रेसर यांचा वेग आणि तापमान बिघडतंच. जपानात तर १०० व्होल्ट, त्यातही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ. अशा ठिकाणी मोटारीची वस्तू नेण्याचा हट्ट मला पटत नाही.

निघायला १० आठवडे

कस्टम्स. बहुतेक देश राहायला येणाऱ्याचं वापरलेलं घरसामान करमुक्त आत घेतात, पण ‘वापरलेलं’ या शब्दाला प्रत्येकाचं माप वेगळं. युरोपीय संघात वस्तू किमान ६ महिने आपल्याकडे वापरात असावी लागते, संघाबाहेर आधी किमान १२ महिने वास्तव्य झालेलं असावं लागतं आणि आणल्यावर १२ महिने ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. अमेरिकेत घरगुती सामानासाठी वर्षभराचा वापर लागतो आणि मागून येणाऱ्या सामानासाठी फॉर्म ३२९९ भरावा लागतो. म्हणूनच निघण्याआधी ‘तिकडे महाग मिळेल’ म्हणून नवंकोरं काही घेऊन ठेवणं अंगाशी येतं. वहीतला खरेदीच्या वर्षाचा रकाना इथे उपयोगी पडतो.

कॅनडाची गोष्ट खास लक्षात ठेवावी. तिथे पहिल्यांदा पोचता त्याच दिवशी, मागाहून येणाऱ्या सामानाची यादी विमानतळावर द्यावी लागते, फॉर्म बीएसएफ१८६. सामान अजून बोटीत असलं तरी यादी त्याच दिवशी. ती राहिली, तर मागून आलेल्या सामानाची करमाफी धोक्यात येते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मातीवर नजर ठेवून असतात. बुटांचे तळ, सायकलचे टायर, तंबूचे खिळे, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी, बागेची अवजारं धुऊन, घासून, पूर्ण वाळवून भरावीत. बिया, वाळलेली फुलं, वेताच्या टोपल्या यांवर प्रश्न येणार हे धरून चालावं. हस्तिदंत, प्रवाळ, काही जातींचं शिसवी लाकूड यांच्यावर १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स कराराचे, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. वारसाने आलेली पेटी असली तरी कागद लागतो.

कुत्रा-मांजर असेल तर त्यांचा क्रम आजच पाहावा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. लस आधी आणि चिप नंतर झाली तर बरेच देश ती लस मोजतच नाहीत. काही ठिकाणी त्यानंतर रक्ततपासणी आणि महिन्यांची वाट असते, तेव्हा १० आठवडे उरलेले असताना जाग आली तर प्राण्याला मागून यावं लागतं.

निघायला ८ आठवडे

दर मागवायचे ते निदान तीन कंपन्यांकडून, आणि तिघांना वहीतली एकच यादी द्यायची. नाहीतर एकाने २२ घनमीटर धरलेले असतात, दुसऱ्याने १८, आणि आपण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत बसतो. स्वस्त दर बहुधा बंदरापाशी संपतो. म्हणून विचारावं: पोचल्यावर बंदराचे हाताळणी शुल्क कुणाकडे? कस्टम्स सोडवणं? लिफ्ट नसेल तर जिन्याचे पैसे? रिकामी खोकी परत नेणार का? आणि दोन शब्द पक्के कळले पाहिजेत: कंटेनर बंदरात ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला तर डेमरेज, बाहेर काढल्यावर रिकामा परत द्यायला उशीर झाला तर डिटेन्शन. दोन्ही दिवसावर चढतात, आणि उशीर बहुधा कागदांमुळे होतो.

निघायला ६ आठवडे

विमा. सगळ्या जोखमींचा घ्यायचा की फक्त संपूर्ण नाशाचा, हे आधी वाचावं. दुसऱ्यात बोट बुडाली तर पैसे, ताट फुटलं तर नाही. रक्कम लिहिताना नव्या देशातली किंमत धरावी. तो कंटाळवाणा रकाना आता काढावा. निम्म्याच किमतीचा विमा घेतला तर अर्धवट नुकसानीचेही निम्मेच पैसे देण्याची अट पुष्कळ पॉलिसींत असते. आपण स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट बहुतेक कंपन्या मान्य करत नाहीत. कसं भरलं हे त्यांना दिसलेलं नसतं.

आणि जनरल ॲव्हरेज. जहाज वाचवण्यासाठी झालेला असाधारण खर्च जहाजमालक आणि सगळे मालवाले आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घेतात, असा हा समुद्री व्यवहाराचा जुना नियम. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा तो लागू झाला. आपल्या कंटेनरला ओरखडा नसला तरी हमी दिल्याशिवाय तो सुटत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख ठेव भरावी लागते.

निघायला ४ आठवडे

आता खोकी. पाच पदरी पुठ्ठ्याची. पुस्तकांना ४० × ३० × ३० सेंटिमीटरची लहान. तेवढ्यातच वीसेक किलो भरतात. मोठं खोकं उशा-पांघरुणांसाठी. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तळ सुटतो, आणि तो नेमका जिन्यात सुटतो.

ताटं आडवी रचू नयेत. आडव्या थप्पीत सगळ्यात खालचं ताट वरच्या सगळ्यांचं ओझं पेलतं आणि धक्का त्याच्या मधोमध बसतो. उभं ठेवलं की प्रत्येकाला फक्त स्वतःचं वजन. तळाला चुरगळलेल्या कागदाची ५ ते ७ सेंटिमीटरची गादी. प्रत्येक ताट कोऱ्या कागदात कोपऱ्यातून गुंडाळायचं; छापील वर्तमानपत्राची शाई उमटते. तीन-चार ताटांचा एक गठ्ठा पुन्हा कागदात, मग काठावर उभा, गठ्ठे एकमेकांना घट्ट. कडेच्या फटींत कागद कोंबायचा. वर पुन्हा गादी. झाकण लावून खोकं हलकेच हलवावं आणि कान द्यावा. आतून किणकिण आली तर उघडून पुन्हा भरावं. अर्धवट भरलेलं खोकंही नको. वर दुसरं आलं की ते दबतं आणि अख्खी रांग कलते.

खोक्यावर क्रमांक आणि खोली, एवढंच, वर आणि लगतच्या दोन बाजूंवर. आत काय आहे ते वहीत. ‘किरकोळ’ हा शब्द यादीत एकदाही येऊ देऊ नये. कस्टम्सवाल्याला तोच दिसतो आणि तेच खोकं उघडलं जातं.

लाकडी पेटी केली तर लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस किमान ३० मिनिटं तापवलं, किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केली, याची ती खूण. गल्लीतल्या सुताराने प्रेमाने केलेली पेटी याच कारणाने अडते.

निघायला १ आठवडा

फ्रिज रिकामा करून, बर्फ वितळवून, दार अडणीने उघडं ठेवून दोन दिवस वाळवावा. वॉशिंग मशीनचं पाणी काढावं आणि पाठीमागचे ट्रान्झिट बोल्ट लावावेत. ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो. बोल्ट नसले तर महिनाभर बोटीबरोबर तोही डोलतो आणि त्याचे आधार तुटतात. बोल्ट फेकले असतील तर मॉडेल नंबर सांगून मागवावे लागतात, म्हणून हे काम खरं चौथ्या आठवड्यातलं. टीव्ही उभाच न्यायचा, आडवा कधीच नाही.

गॅसचे डबे, स्प्रे, रंग, थिनर, नेलपॉलिश, काडेपेट्या, सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानातून काढाव्यात.

आणि ओल. दिवसा उन्हाने कंटेनर तापतो, लाकूड, पुठ्ठा, गाद्या आतला दमटपणा सोडतात. रात्री पोलादी छप्पर गार पडतं आणि त्यावर थेंब धरून खाली टपकतात. समुद्राचं पाणी आत न येताही सामान भिजतं. उपाय: ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या भिंतींच्या कड्यांना टांगणं, सर्वांत वर पुठ्ठ्याचा थर, आणि धुतलेले कपडे पूर्ण वाळल्याशिवाय न भरणं. चामड्याच्या वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करू नयेत, बुरशी धरते.

भरण्याचा दिवस

रिकाम्या कंटेनरमध्ये आत उभं राहून दारं बंद करायला सांगावीत. अंधारात कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. दुसरा कंटेनर मागावा. जमिनीला उग्र वास असेल तर गादीला तोच वास लागतो. जड सामान खाली, वजन दोन्ही बाजूंना सारखं, दाराजवळची शेवटची रांग पट्ट्यांनी बांधलेली. नाहीतर दार उघडणाऱ्याच्या अंगावर येते. सील लागल्यावर त्याचा नंबर वहीत लिहावा, फोटो काढावा आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, तोच आहे ना ते पाहावं.

हातातली पिशवी

पासपोर्ट, अपोस्टिलचे (परदेशात मान्य होणाऱ्या सरकारी शिक्क्याचे) दाखले, शाळेचे आणि लसीकरणाचे कागद, वाहन विम्याचं दावे नसल्याचं पत्र, औषधं आणि मूळ घटकाच्या नावासकट डॉक्टरांची चिठ्ठी. पॉवर बँक हातातच, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएच गुणिले ३.७ भागिले १००० म्हणजे ७४, चालते. जुन्या देशाचं सिमकार्ड चालू ठेवावं. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि ते बंद पडलं की आपलेच पैसे आपल्याला काढता येत नाहीत. वहीची एक प्रत इथे, एक फोटो रूपात फोनमध्ये.

पोचल्यावर

सील तोडण्याआधी नंबर जुळवावा. खोकी आत येताना एकाने दाराशी वही घेऊन बसायचं आणि क्रमांकावर खूण करायची, दुसऱ्याने खोली दाखवायची. चेंगरलेलं खोकं दिसलं तर पावतीवर सही करण्याआधी तसं लिहावं. सही घेताना घाई केली जाते, पण न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना जहाज कंपनीला तीन दिवसांत द्यावी, असं समुद्री मालवाहतुकीचे हेग-व्हिस्बी नियम सांगतात; विमानाच्या मालाला मॉन्ट्रियल करारात १४ दिवस. फुटलेली वस्तू आणि तिचं खोकं दोन्ही जपून ठेवावीत. विमा कंपनीचा माणूस खोकं मागतोच.

आधी एक नंबरचं खोकं उघडावं. त्यात स्क्रूड्रायव्हर, पलंगाच्या नट-बोल्टांची पिशवी, दोन चादरी, एक बल्ब.