मोहरीची बाटली

आईकडे आज फळी पुसताना मोहरीची बाटली हाताला लागली. मूळची किसान मिक्स्ड फ्रूटची. जॅम संपून तीस वर्षं झाली, झाकण गंजलं, पण बाटली अजून नोकरीत!

तेव्हा डब्यात जॅम-पोळीची गुंडाळी म्हणजे केवढा रुबाब. दरम्यान किसान मल्ल्यांच्या यूबी उद्योगसमूहाकडून ब्रुक बाँडकडे, तिथून हिंदुस्तान लीव्हरकडे गेली. आम्हाला पत्ताच नाही. पाचगणीची मॅप्रो १९५९ पासूनची, पण आमच्याकडे ती महाबळेश्वरच्या सहलीपुरतीच यायची.

संध्याकाळी दुकानात डोळ्यांसमोर पीनट बटर आणि चॉकलेट स्प्रेड, जॅम खाली गुडघ्याशी. लेकीने एक बाटली फिरवून वाचली. "बाबा, पहिलं नाव साखरेचंच आहे." परत ठेवली.

तिचं लक्ष नसताना मी घेतलीच. आईला जिऱ्यासाठी बाटली हवीच होती.