बारावीनंतर नर्सिंग: भाचीला घेऊन सोलापूरची फेरी

बार्शी, माढा, अक्कलकोट, कुठूनही सोलापूरला नर्सिंग कॉलेज बघायला निघणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा. मे महिन्यात सोलापूरचं ऊन अकरानंतर रस्त्यावर उभं राहू देत नाही, हे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वॉर्डातलं काम बघायचं तर ते सकाळीच बघायला मिळतं. नाईटवाल्यांनी पेशंट सोपवायचा हँडओव्हर, ताप-नाडी-श्वास मोजायचा टीपीआर, बेड मेकिंग, डॉक्टरांचा राऊंड हे सगळं दुपारपर्यंत उरकलेलं असतं. दुपारी गेलात तर इमारत, रिसेप्शन आणि माहितीपत्रक एवढंच बघून परत याल. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलीसोबत आईनेही यावं. हॉस्टेल आईच्या नजरेनेच बघायला हवं.

मी सोलापुरात जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी, आणि आता पुण्यात आयसीयूची इन्चार्ज आहे. बहिणीची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. दाजींना कोणीतरी सांगितलं होतं, "चार वर्षं कसंही नर्सिंग करू द्या, पुढचं अमेरिकेचं आम्ही बघतो." त्यातलं 'कसंही' ऐकलं आणि मी रजा टाकली.

कॉलेज बघताना आम्ही सगळीकडे पहिला प्रश्न एकच विचारला: मुली प्रॅक्टिकलला कुठे जातात? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बीएस्सी कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. कागदावर ते सगळ्यांकडे असतं. म्हणून रुग्णालयात स्वतः जाऊन खाटांवर पेशंट आहेत का ते बघा, आयसीयू आणि लेबर रूम चालू आहे का विचारा, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलीला तिचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या प्रॅक्टिकलची नोंदवही, दाखवायला सांगा. एका ठिकाणी प्रयोगशाळा चकाचक होती, सरावाचे पुतळे नवेकोरे होते, पण रुग्णालयाच्या पूर्ण मजल्यावर मोजके पेशंट. भाचीने बाहेर येऊन आपण होऊन विचारलं, "मावशी, इथं शिकायचं कुणावर?"

त्यानंतर तिला सिव्हिल दाखवलं. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं. तिथे पेशंट जिल्ह्याचे असतात, धाराशिवचे असतात आणि सीमेपलीकडून इंडी, विजयपुराकडचेही असतात. फीमेल मेडिकल वॉर्डात आम्ही परवानगी काढून थोडा वेळ उभं राहिलो. एक शिकाऊ मुलगी एका म्हाताऱ्या आजींना सलाईनसाठी शिरेत घालायची सुई, व्हेनफ्लॉन, लावत होती. आजींना मराठी येत नव्हतं. मुलगी तेलुगूत काहीतरी बोलली, आजींनी हात सैल सोडला, आणि दुसऱ्या बोटाने शीर चाचपत तिने पहिल्याच फटक्यात सुई आत घातली. शेजारच्या खाटेवर कन्नड, पलीकडे दखनी उर्दू. सोलापूरच्या वॉर्डात तीन-चार भाषांतून दुखणं समजून घ्यायची सवय लागते, आणि ती पुढे कुठल्याही देशात उपयोगी पडते. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बगा की, केवढीशी पोरगी."

आता अभ्यासक्रमांचं थोडक्यात. आरोग्यसेविकेचं एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी चार वर्षं. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएस्सीच्या बरोबरीला येता. पुढे एमएस्सी दोन वर्षं, किंवा क्रिटिकल केअरमधलं नर्स प्रॅक्टिशनर. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. आर्ट्सवाल्या मुलींनी निराश होऊ नये, जीएनएमची वाट त्यांना मोकळी आहे. परवडत असेल आणि मार्क असतील तर मात्र थेट बीएस्सीच करा असं माझं मत आहे. मला तेच शिक्षण दोन हप्त्यांत घ्यावं लागलं, मधल्या काळात घर-संसार सांभाळून, आणि ते सोपं नव्हतं.

फीबाबत एक गोष्ट पालकांना अजून नीट माहीत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. "जागा आजच पक्की करा" म्हणून कोणी मॅनेजमेंट कोट्याचा फॉर्म पुढे केला तर ही सवलत हातची जाते. आम्हाला एका टेबलावर असा आग्रह झाला. दाजींनी पाकीट बाहेर काढलं होतं, मी ते परत खिशात ठेवायला लावलं.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन जुळे सोलापूरला माझ्या बॅचच्या मैत्रिणीकडे गेलो. ती टेक्सासहून सुट्टीवर आली आहे आणि तिकडे ट्रॅव्हल नर्स आहे. खरं तर तिच्यासाठीच मी हा मुहूर्त धरला होता, कारण 'ट्रॅव्हल नर्स' ऐकून घरातल्या सगळ्यांना ती विमानातली नर्स वाटत होती.

तिने सांगितलं ते असं. अमेरिकेत ज्या रुग्णालयात नर्स कमी पडतात ते एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीसाठी नर्स घेतात. करार साधारण १३ आठवड्यांचा. मग तिथेच मुदत वाढवायची किंवा दुसऱ्या गावी जायचं. पगारात तासाचा दर वेगळा आणि राहण्याखाण्याचा भत्ता वेगळा. भत्त्यावर कर लागू द्यायचा नसेल तर तुमचं कायमचं घर दुसरीकडे आहे आणि त्याचा खर्च तुम्ही खरोखर करताय हे दाखवावं लागतं. दोन करारांच्या मधे पगार नाही. रुग्णालयाची गरज संपली तर करार अर्ध्यावर रद्दही होतो. कोरोनाच्या काळात हे दर फार वर गेले होते, नंतर उतरले. आपल्याकडे अजून तेच जुने आकडे सांगून मुलींना भुलवतात.

"आणि गं, शिकवायला कोणी बसलेलं नसतं," ती भाचीला म्हणाली. "एक-दोन शिफ्ट ओरिएंटेशन, मग पेशंट तुझे. म्हणून निदान एक-दोन वर्षं एकाच विभागात घासलेली असायला लागते. आयसीयू तर आयसीयू, इमर्जन्सी तर इमर्जन्सी."

भारतातून थेट ट्रॅव्हल नर्स म्हणून उडी मारता येईल असं समजू नका. आधी एनक्लेक्स-आरएन ही तिकडच्या नर्सच्या परवान्याची परीक्षा, मग कागदपत्रं आणि इंग्रजीची तपासणी होऊन मिळणारं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र, मग बहुतेकींचा मार्ग ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या गटातून. भारतात जन्मलेल्यांसाठी ती रांग कित्येक वर्षांची आहे. मैत्रिणीने ती वर्षं सौदीतल्या आयसीयूत काढली, नंतर अमेरिकेत एजन्सीचा पहिला करार पूर्ण केला आणि मगच फिरती नोकरी धरली. एनक्लेक्स कॉम्प्युटरवर असते, ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, आणि उत्तरागणिक पुढचा प्रश्न ठरतो. केंद्र मुंबईलाही आहे आणि हैदराबादलाही. सोलापूरकरांनी हैदराबादचा विचार करावा, रेल्वेने सोयीचं पडतं. आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

अमेरिकेशिवायही वाटा आहेत. जर्मनीला जर्मन भाषा बी-२ या पातळीपर्यंत लागते, आणि महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. इंग्लंडला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, नंतर दोन टप्प्यांची परीक्षा. आखाताला डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी आणि त्या त्या देशाची परवाना परीक्षा. आणि देशातच राहायचं असेल तर एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा आहे: बीएस्सी झालेल्यांना थेट देता येते, जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. राज्यात अधिपरिचारिका म्हणून लागून परिसेविका, अधिसेविका असं वर जाता येतं. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. या नोकऱ्यांकडे मुली दुय्यम म्हणून बघतात त्याचं मला वाईट वाटतं. गावात बीपी-शुगर वेळेवर पकडणारी ती एकटीच असते.

परतीच्या वाटेवर भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात थांबलो. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, हे भाचीला शाळेपासून माहीत होतं. त्यांच्या पत्नी को चिंगलान नर्स होत्या, हे माहीत नव्हतं. तिने ते दाजींना पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानेच.

राहिली कागदपत्रं. सगळ्यात जास्त मुली इथे अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं, आधारवर सासरचं. सोलापुरातल्या तेलुगू घरांत तर एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं दिसतात. एनक्लेक्सच्या प्रवेशपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत आणि फी बुडते. म्हणून दहावीचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे पासपोर्टच्या आधी ठरवा, बदललंत तर राजपत्र आणि विवाह प्रमाणपत्र जपून ठेवा. प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र सोडतानाच घ्या, त्यावर विभाग आणि खाटांची संख्या लिहून मागा. कौन्सिलची नोंदणी खंड न पडता नूतनीकरण करत राहा, कारण परदेशी मंडळं पडताळणी तिथूनच मागवतात.

मूळ कागद एजंटच्या हाती कधीही देऊ नका. परदेशी नोकरीचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते बघा. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. दाजींच्या त्या ओळखीच्या माणसाला आम्ही घरी आल्यावर परवाना क्रमांक विचारला. त्याने फोन ठेवला, पुन्हा उचलला नाही.

भाचीचा कॅपचा पसंतीक्रम तयार आहे, आणि तो तिने रुग्णालयातल्या पेशंटच्या गर्दीनुसार लावला आहे. आधारवर तिच्या आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं, ते दुरुस्त झालं की पासपोर्टचा अर्ज भरायचा. त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही, टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र सोलापुरात आहे.