सात वाजले की फोन

संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात अवघड, हे दारू सोडलेल्या कुणालाही विचारा. ऑफिसमधून येताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये डोकं उठलेलं असतं, पोटात काही नाही, घरी कुणी वाट बघत नाही, आणि मग तो विचार सुरू होतो, एकच घेऊ, कुणाला कळणारे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये आम्हाला सुरुवातीपासून सांगतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांवर लक्ष ठेव, यातलं एक जरी असेल तर आधी ते बघ, खाऊन घे, झोप, नाहीतर कुणाला तरी फोन लाव. खाणं आणि झोपणं जमतं हो, फोन लावणं जमत नाही. निदान आम्हा बायकांना तरी.

पुरुष प्यायला तर लोक म्हणतात संगत वाईट होती, टेन्शन होतं, लग्न करून द्या म्हणजे सुधारेल (त्या मुलीचा विचार कोण करणार?). बाई प्यायली की मात्र पुढे कुणी काही विचारतच नाही. माझ्या ओळखीत दारू सोडलेले एक काका होते, ऑफिसातले एक सर होते, पण बाई एकसुद्धा नाही, त्यामुळे बाईला यातून बाहेर पडताच येत नाही असं मला अगदी खरं वाटायचं. ट्रीटमेंट चांगली झाली, डॉक्टर चांगले होते, काउन्सेलरचं बोलणं पटायचं, पण आशा वाटली ती ताईंना बघितल्यावर. भाजीची पिशवी घेऊनच मीटिंगला आल्या होत्या. नाव सांगितलं, मी अल्कोहोलिक आहे म्हणाल्या आणि घरात बाटली कुठे कुठे लपवायच्या ते सांगायला लागल्या, वॉशिंग मशीनच्या मागे, माळ्यावरच्या गाद्यांमध्ये, तांदळाच्या डब्यात. तांदळाच्या डब्याला मी रडायलाच लागले, कारण तो डबा जगात फक्त माझ्याच घरात आहे असं मी धरून चालले होते. आणि ही बाई समोर उभी होती, हसत होती, घरी जाऊन मेथी निवडायची होती तिला!

त्या दिवसापासून सात वाजले की मी ताईंना फोन करते. बोलायला काही नसलं तरी.

एका पिणाऱ्याने दुसऱ्याला फोन लावायची ही पद्धत जिथून आली ती गोष्ट मला फार आवडते. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रनला गेला होता, दारू सोडून काही महिनेच झाले होते, काम फिसकटलं, आणि हॉटेलच्या लॉबीत बारचा आवाज कानावर येत होता. त्याने काय केलं तर तिथूनच चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली, मला एखादा दारुडा भेटवा म्हणून. स्वतःला वाचवायला त्याला दुसरा पिणारा हवा होता. शेवटी डॉ. बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी गाठ पडली, पंधराच मिनिटं देईन म्हणणारे डॉक्टर त्याच्याशी कित्येक तास बोलत बसले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. आपल्या पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. लं.च्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते म्हणून नव्या पेशंटबरोबर काम करतात. बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभागही आहे.

हल्ली मलाही एक फोन येतो. हडपसरची मुलगी आहे, लहान आहे माझ्याहून. ती तासभर रडते, मी ऐकते, मध्ये मध्ये जेवलीस का विचारते, आणि फोन ठेवून बघते तर नऊ वाजून गेलेले असतात, माझीही संध्याकाळ पार पडलेली असते. मध्यंतरी तिची स्लिप झाली, म्हणजे ती पुन्हा प्यायली. आता मीटिंगला कुठल्या तोंडाने येऊ म्हणाली. आली तेव्हा कुणी भाषण दिलं नाही, ताईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, बस, चहा घे आधी. ती अजून येतीये आणि याचा मला किती आनंद आहे ते लिहूनही कळणार नाही.

रोज पिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, कुणाचं ऐकून घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर गाठा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. एएच्या मीटिंगला फी नसते, पिणं सोडायची इच्छा एवढंच लागतं. आणि बाई असाल तर पहिल्याच फोनवर बेधडक विचारा, तुमच्याकडे बायका येतात का? येतात. मी येते.