लेकीकडे जाईन

१४ मे, रात्री

आज तालमीत आठ वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, ‘ताई, म्हातारी भोपळ्यात बसून निघून गेल्यावर वाघ किती दिवस तिथे थांबला असेल?’ सदाशिव पेठेतल्या ज्या जुन्या वाड्याच्या माडीवर आमचे उन्हाळी नाट्यशिबिर चालते, तिथे दुपारी पंख्यांची घरघर इतकी असते की मुलांना एकेक वाक्य दोनदा म्हणायला लावावे लागते. तरी हा प्रश्न मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आला. ‘उद्या सांगते,’ असे म्हणून मी पुढचा प्रवेश घ्यायला लावला. घरी आल्यापासून मात्र तोच प्रश्न मनात घेऊन बसले आहे.

गोष्ट मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना पाठ असते. लेकीला भेटायला निघालेल्या म्हातारीला रानात वाघ अडवतो, ती त्याला म्हणते, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा,’ आणि परतताना भोपळ्यात बसून ‘म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणत ती त्याच्या समोरून निसटून जाते. लहानपणी मला त्या निसटण्याचा निव्वळ आनंद होत असे. वाघाला दिलेला शब्द मोडला गेला याची खंत करावी, असे कधी मनात आले नाही. शेजारच्या कानडी मुलखात याच्या नेमकी उलट गोष्ट मुले गात मोठी होतात. तिथे पुण्यकोटी नावाची गाय वासराला शेवटचे दूध पाजण्यासाठी वाघाकडून मुदत मागून घेते, दिलेल्या शब्दाप्रमाणे खरोखरच परत येते आणि तिच्या सचोटीपुढे हरून वाघच प्राण देतो. दोन्ही गोष्टींत वाघ अडवतो, मुदत देतो आणि वाट पाहत बसतो. अडवणे आपल्या लक्षात राहते, शेवट लक्षात राहतो. मधले वाट पाहणे कोणी सांगत नाही. त्या मुलाने नेमके तेवढेच विचारले.

आमच्या घरी या गोष्टीतला वाघ आप्पा होत आणि म्हातारी आई होई. जुन्नर तालुक्यातले आमचे गाव तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेले आहे. रात्री जेवणे झाली की आई गोधडी डोक्यावरून घेऊन, कमरेत वाकून, पडवीच्या एका टोकाकडून चालू लागे आणि आप्पा कणगीमागून बाहेर येत. त्यांचा आवाज पुस्तकातल्या वाघाच्या डरकाळीसारखा नसे. कोरड्या लाकडावर करवत पुढे-मागे ओढावी, तसा खरखरीत, तुटक आवाज ते घशातून काढत आणि मी आईच्या गोधडीत शिरत असे. तो आवाज बिबट्याचा होता, हे मला फार उशिरा कळले. आमच्या भागात बिबट्याला वाघच म्हणतात. उसाच्या दाट फडात त्याची मादी पिल्ले घालते, तोडणीच्या दिवसांत ती पिल्ले कोयतेवाल्यांच्या पायाशी सापडतात, आणि कोणाची शेळी गेली त्या सकाळी ‘वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो’ ही म्हण हमखास कोणाच्या तरी तोंडून निघते. तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डोंगरातल्या महादेव कोळी वस्त्यांवर, वाघबारसेला याच वाघोबाला नैवेद्यही दाखवला जातो. भीती आणि नाते यांची अशी सरमिसळ मी पुण्यात आल्यावर पुन्हा कुठे पाहिली नाही.

तिसरीत असताना चित्रकलेच्या तासाला मी वाघ काढला आणि त्याला ठिपके दिले. गुरुजींनी ते चूक ठरवले आणि पट्टे काढून आणायला सांगितले. मी ठिपके खोडरबराने पुसले, त्यांवर पट्टे ओढले. पण ठिपके पुरते गेले नाहीत, आणि बरेच दिवस ते चित्र आमच्या भिंतीवर तसेच, दोन वाघ एकमेकांवर बसल्यासारखे चिकटवलेले होते. आप्पांना ते फार आवडे.

पंचतंत्रात वाघाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आहे. धोबी त्याला कातडे घालून रात्री लोकांच्या शेतात सोडतो, राखणदार वाघ समजून लांब राहतात, आणि एके रात्री दुसऱ्या गाढवाचा आवाज ऐकून ते ओरडते, तेव्हा ओळखले जाते. ही गोष्ट लबाडीची म्हणून शिकवतात. मला ती आता तशी वाटत नाही. पुण्यात शिकायला आले त्या वर्षापासून मी माझी बोली बदलत गेले. ‘आलते’, ‘गेलते’ गेले, शब्दांवरचे हेल गेले, आणि मुलांना शुद्ध वाणी शिकवणारी ताई म्हणून लोक मला ओळखू लागले. गेल्या फाल्गुनात आई गेली, तेव्हा माझ्या तोंडून जो आकांत निघाला तो गावच्या बायकांचा होता, त्याच हेलात, त्याच शब्दांत. शेजारच्या बाई दारात थबकून माझ्याकडे पाहत राहिल्या. हे शब्द इतकी वर्षे माझ्यात कुठे होते, याचा विचार मी नंतर कित्येक दिवस करत होते. त्या गाढवाला आपल्यातल्या कोणाची तरी हाक ऐकू आली आणि त्याने ओ दिली, एवढेच घडले होते.

आई दिवाळीनंतर माझ्याकडे आली ती आजारपण घेऊनच. गावच्या फाट्यावर एसटीत चढताना तिने मागे वळून आप्पांना म्हटले होते, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन.’ पुढचे ‘मग मला खा’ ती बोलली नाही, हसली फक्त. आप्पांनी फाट्यावर, चार माणसांसमोर, करवतीचा तो आवाज काढला. दोघांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. मी खिडकीजवळ बसून दोघांवर रागावले होते, कारण बस सुटत होती आणि तिच्या तपासण्यांचे कागद माझ्या मांडीवर होते.

चार महिन्यांत तिच्या पोटात तूप-रोटी गेली नाही. तांदळाची पेज, मुगाचे पाणी, शेवटी नुसते चमच्याने पाणी. आणि या चार महिन्यांत मला पहिल्यांदा त्या गोष्टीतली लेक दिसली. म्हातारीला संवाद आहेत, वाघाला आहेत, भोपळ्यालासुद्धा ‘चल रे’ म्हणून हाक आहे. लेकीला नाव नाही आणि एकही वाक्य नाही. तरी सगळे काम तिचेच आहे. ती आईला खाऊपिऊ घालते, आई घरी जायला निघाली की तिची भीती ऐकून घेते, भोपळा शोधते, तो पोखरते, त्यात आईला बसवते आणि रानाच्या दिशेने ढकलून देते. आपल्या हाताने दिलेल्या त्या धक्क्यावर आई सुखरूप पोचेल, असा तिचा विश्वास असतो. मला भोपळा मिळाला नाही. आई ज्या गाडीतून गावी परत गेली, त्या गाडीपुढे आप्पा अंगणात उभे होते आणि त्यांनी मला काहीही विचारले नाही.

शिबिरात वाघ व्हायला सगळे तयार असतात. लेक व्हायला या वर्षी कोणीही हात वर केला नाही. मीही लहानपणी कधी केला नसता.

मुलाच्या प्रश्नाला गोड उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण मी ज्या रंगभूमीवर शिकले, तिने ती सवय लावली नाही. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची पद्धत पुण्यात रुजवली, तिच्यात परीराणी नसते. मुलांचे खरे घर असते, त्यातली भांडणे असतात, आणि मोठी माणसे मुलांच्या भूमिका करताना मुलांना फसवत नाहीत. त्या नाटकांत वाघालाही फारशी जागा नव्हती. कॉलेजात असताना मला ते पटले होते. आज वाटते, घरातली काही माणसे वाघाशिवाय सांगताच येत नाहीत.

याच बर्लिनमधून १९३३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ज्युडिथ केर आपल्या ज्यू कुटुंबाबरोबर नाझींपासून बाहेर पडली. पुढे इंग्लंडमध्ये तिने चहाला आलेल्या वाघाचे चित्रमय पुस्तक केले, ते १९६८ मध्ये निघाले. वाघ दार वाजवतो, घरातले सगळे खातो, नळाचे सगळे पाणी पितो आणि निघून जातो. तो पुन्हा आलाच तर असावा म्हणून घरात वाघाच्या खाऊचा मोठा डबा आणून ठेवतात. तो पुन्हा कधीच येत नाही. दारावर येणारा तो वाघ म्हणजे बर्लिनमधले पोलीस असणार, असे अनेकांनी सुचवले, आणि तिने ते मान्य केले नाही. वाघ हा वाघच आहे, असे ती सांगत राहिली. तिच्या या हट्टाचा मला आदर वाटतो. आमच्या पडवीतला वाघ दुःखाचे किंवा मृत्यूचे प्रतीक होता, असे कोणी मला सांगितले तर मलाही ते चालणार नाही. तो कणगीमागून येणारा वाघ होता, त्याच्या अंगाला शेणाचा आणि तंबाखूचा वास होता.

‘लाइफ ऑफ पाय’ या कादंबरीवरच्या नाटकातला वाघ मी मुलांना व्हिडिओवर दाखवला होता. ती बाहुली आहे. एक जण तिचे डोके, एक जण छाती आणि एक जण मागचे धड चालवतो, आणि तिघांना एकच श्वास घ्यावा लागतो. आलटूनपालटून तो वाघ करणाऱ्या सात कलावंतांना मिळून २०२२ मध्ये लंडनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, हे ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोष्टीतला पुदुच्चेरीचा मुलगा जहाज बुडून सगळे कुटुंब गमावतो आणि २२७ दिवस वाघाबरोबर नावेत काढतो. किनारा लागल्यावर वाघ एकदाही मागे न पाहता जंगलात जातो आणि मुलगा त्यासाठी रडतो. निरोप न घेता गेलेल्या वाघाची ही गोष्ट आहे. आमच्या गोष्टीत जाते ती म्हातारी, आणि मागे राहतो वाघ. उद्या त्या मुलाला काय सांगू?

१७ मे

आप्पा काल नारायणगावमार्गे येणाऱ्या एसटीने आले, मांडीवर पोत्यात लाल भोपळा घेऊन. नाटकाला पुठ्ठ्याचा भोपळा आधीच केलेला आहे, हे मी त्यांना फोनवर सांगितले होते. ते म्हणाले, ‘तो राहू दे. पोरांना हात लावून बघायला एक खरा पाहिजे.’

आज त्यांना तालमीला नेले. मुलांनी मुखवटे रंगवून ठेवले होते. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, कोणत्याही दोन वाघांचे सारखे नसतात, आणि जंगलातल्या कॅमेऱ्यांत वाघ त्यावरूनच ओळखतात, हे मी सांगितल्यापासून प्रत्येक जण आपापले पट्टे जपून काढतो. आप्पांनी एकेक मुखवटा हातात घेऊन उन्हाकडे धरला. मग तोच मुलगा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे राहिलेला प्रश्न त्यांना विचारला.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. ‘बसला आसंल अजून,’ ते म्हणाले. ‘त्याला दुसरीकडं कुठं जायाचं?’

‘मग म्हातारी गेली हे त्याला कळलं नाही?’

‘कळलं की. भोपळा आतनं बोलतोय, हे वाघाला कळत नाही व्हय? कळलं, पन जाऊ दिलं त्यानं.’

हा अर्थ मी चाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, आणि मुलांनी तेवढ्यात आप्पांभोवती घोळका केला. वाघाचे काम करणारी मुलगी त्यांना आपली डरकाळी ऐकवत होती. त्यांनी मान हलवली, खुर्चीतून उठले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि घशातून तो करवतीचा आवाज काढला. फाट्यावरच्या त्या दिवसानंतर तो मी ऐकला नव्हता. आता तो बारीक झाला आहे आणि मध्ये त्यांना दम घ्यावा लागतो. मुले आधी घाबरली, मग पंधराच्या पंधरा जणांनी तो काढायला सुरुवात केली, आणि खालच्या मजल्यावरचे दुकानदार जिन्यात येऊन विचारू लागले की वर सुतारकाम चालले आहे का.

लेकीचे काम मी त्या मुलालाच दिले आहे. मुलगा लेक कसा होणार, असे एकाने विचारले, तर तो म्हणाला की भोपळा पोखरायला आजोबा त्याला शिकवणार आहेत. प्रवेश थोडा वाढवावा लागेल. पोखरायला वेळ लागतो, आणि तो वेळ रंगमंचावर दिसला पाहिजे. वाघाच्या मुखवट्याला पट्टे राहतील. आवाज आप्पांचा ठेवते.