मॅडम, हिला गाता येत नाही, तरी का ऐकवता?

दर बॅचला कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी पुण्यात घरी जर्मनचे वर्ग घेते. पहिली पातळी संपली की शेवटच्या तासाला जर्मन गायिका आणि अभिनेत्री हिल्डेगार्ड क्नेफचं एक गाणं लावते, 'फ्युअर मिश झोल्स रोटे रोझेन रेग्नेन'. माझ्यासाठी लाल गुलाबांचा पाऊस पडावा, असा त्या ओळीचा अर्थ. गाणं संपतं, दोन क्षण शांतता असते आणि मग प्रश्न येतो: "मॅडम, आवाज केवढा घोगरा आहे हिचा! हिला गाता येत नाही, तरी का ऐकवता?"

तुम्ही विचारलंत ते चुकीचं नाही. आवाज जाडाभरडा आहे, पट्टी खालची आहे, वरचा सूर ती लावायलाच जात नाही. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झेराल्डने तिला 'आवाज नसलेली सर्वांत थोर गायिका' म्हटलं होतं, असं सांगतात. पण ती शब्द कसा टाकते ते ऐका. हे गाणं १९६८चं, शब्द तिचे स्वतःचे, चाल हान्स हामरश्मिटची. सुरुवात सोळाव्या वर्षापासून होते आणि 'विल' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. तुम्ही सगळे इंग्रजीच्या सवयीने त्याला भविष्यकाळ समजता. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'मला हवंय'. मोठं व्हायचंय, जिंकायचंय, कधी खोटं बोलायचं नाहीये. हे ती आळवत नाही. जवळ बसून कुणाला सांगावं तशी सांगते, वाद्यं मागे वाजत राहतात आणि ती ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते. पुढे वय वाढतं. आता पडतं घ्यावं, आहे त्यात भागवावं, असं ती स्वतःला समजावते, आणि लगेच म्हणते की ते मला जमणार नाही. तिथे आवाज चढत नाही, उलट खाली येतो. व्याकरणाचे माझे चार तास जे शिकवत नाहीत ते त्या एका उतारात कळतं.

पण मी तिच्यात गुंतले ती फक्त गाण्यामुळे नाही.

जन्म २८ डिसेंबर १९२५चा, उल्म गावातला. तुमच्यातल्या ज्या मुली नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात निघाल्या आहेत, त्यांना हे गाव नकाशावर सापडेल. वडील ती तान्ही असतानाच वारले, आईने तिला बर्लिनला आणलं. शाळा सोडून ती ऊफा या फिल्म कंपनीत चित्रकामाच्या विभागात उमेदवारी करायला लागली, तिथून अभिनयाच्या शिक्षणाकडे वळली. बाहेर युद्ध चालू होतं.

इथे एक गोष्ट सांगावीच लागते, कारण ती गाळून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. एवाल्ड फॉन डेमांडोव्स्की हा टोबिस फिल्म कंपनीचा प्रमुख, नाझी राजवटीच्या चित्रपट यंत्रणेतला बडा माणूस. एकोणीस वर्षांची क्नेफ त्याच्या प्रेमात होती. बर्लिन पडत असताना तिने सैनिकाचा वेष चढवला आणि त्याच्याबरोबर राहिली, पकडली गेली, बंदिवासातून सुटली. वय कोवळं होतं एवढ्यावर मी ते सोडून देत नाही. भोवताली काय चाललंय हे दिसण्याइतकी ती मोठी होती.

आणि पुढच्याच वर्षी दिग्दर्शक व्होल्फगांग श्टाउटेने तिला 'दी म्योर्डर झिंड उंटर उन्स' या चित्रपटात घेतलं. 'खुनी आपल्यातच आहेत'. युद्धानंतरचा हा पहिला जर्मन चित्रपट, बर्लिनच्या खऱ्याखुऱ्या ढिगाऱ्यांत चित्रित झालेला. तिची भूमिका छळछावणीतून परतलेल्या मुलीची. घरी येते तर घरात भलताच माणूस राहतोय, खिडकीला काच नाही, आणि ती झाडलोट करायला घेते. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती झाडलोट डोक्यातून जाईना. १५ ऑक्टोबर १९४६ला तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच महिन्यात सोव्हिएत सैन्याने डेमांडोव्स्कीला मृत्युदंड दिला होता. त्या पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघताना मला दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. एक दुसरीला पुसत नाही.

मग हॉलिवूड. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्याशी करार झाला, पगार मिळत राहिला, काम मिळेना. नाव बदलून गिल्डा ख्रिश्चन कर आणि जर्मन नव्हे, ऑस्ट्रियन आहेस म्हणून सांग, असा सल्ला मिळाला. तो तिने धुडकावला. नंतर अमेरिकेत ती 'नेफ' झाली, कारण सुरुवातीचा 'क्न' तिथल्यांच्या जिभेवर बसेना. तो तुमच्याही जिभेवर लवकर बसत नाही, पण तुम्ही 'क' गाळायचा नाही हं.

१९५१मध्ये जर्मनीत तिचा 'दी झ्युंडरिन' म्हणजे 'पापिणी' आला. त्यात काही सेकंद ती विवस्त्र दिसते. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी चित्रपटाविरुद्ध पत्र काढलं, चित्रपटगृहांत दुर्गंधीचे बॉम्ब फुटले, काही गावांत बंदी आली. चर्चचा राग वेश्याव्यवसाय आणि आत्महत्या दाखवण्यावरही होता, हे खरं. पण सहा वर्षांपूर्वी त्याच देशात काय घडून गेलं होतं? खुनी आपल्यातच आहेत असं तीच बाई पडद्यावरून सांगून गेली होती, तेव्हा एवढी माणसं रस्त्यावर आली नव्हती. मला याचा अजूनही संताप येतो. लोकांनी चित्रपट गर्दी करून पाहिला, आणि १९५४ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला की चित्रपट हीसुद्धा कला आहे आणि घटनेतलं कलास्वातंत्र्य तिलाही लागू आहे. पुढे जर्मन चित्रपटकारांना या निकालाचा आधार मिळाला.

ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचं तिचं यश थोडक्यात सांगते: १९५५, संगीतकार कोल पोर्टरचं संगीतनाटक 'सिल्क स्टॉकिंग्ज', मुख्य भूमिका, ४७८ प्रयोग. खरी गाणारी क्नेफ साठच्या दशकात जन्मली, स्वतःचे शब्द लिहायला लागल्यावर.

१९७०मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, 'डेअर गेशेंक्टे गाउल', दान मिळालेला घोडा. दान मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये, ही जर्मन म्हण. आपल्याकडे 'धर्माची गाय आणि दात काय' म्हणतात तीच. तिथे घोडा, इथे गाय, दात तेवढे सारखे! तो घोडा म्हणजे तिला मिळालेलं आयुष्य, आणि तिने मात्र त्याचे दात एकेक करून तपासले.

पाच वर्षांनी तिने 'दास उर्टाइल' लिहिलं. 'निकाल'. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता, आणि शस्त्रक्रिया, भीती, डॉक्टरांचं बोलणं, न बोलणं, सगळं तिने त्यात मांडलं. १९७५ साली एका प्रसिद्ध नटीने असं उघड लिहिणं ही जर्मनीतही मोठी गोष्ट होती. हे पुस्तक मी वाचलं तेव्हा माझी मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिलाही हाच आजार होता. आमच्या घरात त्याला 'गाठ' म्हणत, तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मावशीला कुणी शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. ती विचारायची आणि आई म्हणायची, "अगं, अशक्तपणा आहे, होशील बरी." ते पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. 'क्रेब्स' हा शब्द पानावर सरळ छापलेला दिसला आणि मी तिथेच थांबले. खेकडा आणि कॅन्सर, दोन्हीला जर्मनमध्ये एकच शब्द आहे. मावशीने विचारलं तेव्हा कुणीतरी तो एवढ्याच सरळ उच्चारायला हवा होता.

त्यानंतरही क्नेफ सत्तावीस वर्षं जगली. १९९९मध्ये ट्रम्पेटवादक टिल ब्र्योनरबरोबर तिने शेवटची ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा वय ७३. १ फेब्रुवारी २००२ला बर्लिनमध्ये ती गेली. त्या ध्वनिमुद्रिकेत आवाज आणखी खाली गेलाय, श्वास घेतलेला ऐकू येतो, आणि तरीही एकही शब्द अर्धवट उच्चारलेला नाही. पुढच्या शुक्रवारी तीच आणते. कागद-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक क्रियापद लिहून काढा.