व्हिनियरचे थर चिकटवून घडवलेली अकूस्टिक बेस गिटार

अकूस्टिक बेस गिटार घरी बांधायचे ठरवले तेव्हा लाकडाआधी मला पोकळीचा विचार करावा लागला. बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झला लागते, तर साध्या गिटारच्या पोकळीतील हवा 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. त्यामुळे तेवढ्याच खोक्यावर जाड तारा चढवल्या, तर मूळ खर्ज फार क्षीण उमटतो आणि कानाला मुख्यतः त्याचे वरचे स्वरांश मिळतात. मेक्सिकोतील गिटारॉन या खर्जाच्या मोठ्या गिटारचे पोट एवढे खोल असते ते उगाच नव्हे, आणि 1972 साली आलेल्या अर्नी बॉल या अमेरिकन कंपनीच्या अर्थवूड बेसची कल्पनाही त्याच वाद्यावरून सुचलेली होती.

मोठे, खोल आणि तरीही हलके खोके अखंड लाकडाचे करायचे, तर रुंद पातळ फळी दमट-कोरड्या हवेत फुगते, आक्रसते आणि अखेर तडकते. म्हणून पाठ आणि बाजू मी 0.6 मिलिमीटरच्या व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, तीन-तीन थर चिकटवून केल्या. मधल्या थराचे तंतू बाहेरच्या थरांना आडवे ठेवले. थरांची संख्या विषम आणि दोन्ही बाहेरचे थर सारखे असणे फार महत्त्वाचे आहे; तसे नसेल तर चिकटवलेली फळी एका बाजूला वळतेच.

सर्वाधिक वेळ मी सरसाच्या निवडीला दिला, आणि तो सार्थकी लागला असे मला वाटते. पांढरा पीव्हीए सरस सुकल्यावरही किंचित लवचिक राहतो व सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. म्हणून पीव्हीए आणि भुकटीच्या रूपात मिळणारा युरिया फॉर्माल्डिहाइड अशा दोन्ही सरसांच्या वाकवलेल्या पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा पीव्हीएची पट्टी अधिक उघडली आणि युरिया फॉर्माल्डिहाइडची पट्टी साच्याचा बाक बऱ्यापैकी धरून राहिली. हा सरस कडक होतो, परंतु त्याची भुकटी आणि वाफ दोन्ही त्रासदायक असल्याने मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे. बाजू क्लॅम्पने साच्यावर आवळल्या. पाठ मात्र व्हॅक्यूम पिशवीत दाबली, कारण पिशवीतील हवा काढली की दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोचा भार सर्वत्र सारखा बसतो; एवढ्या मोठ्या पाठीवर तो दीड टनाच्या घरात जातो. कितीही क्लॅम्प लावले तरी ही समानता मिळणे कठीण.

साउंडबोर्डचे, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीचे, गणित वेगळे आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा कडकपणा तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट अधिक असतो, त्यामुळे आडवा थर जाड ठेवल्यास वजन वाढते, पण तारांच्या दिशेचा जोर त्या मानाने वाढत नाही. म्हणून येथे बाहेरचे दोन थर जाड स्प्रूसचे आणि मधला शक्य तितका पातळ ठेवला. तारांचा एकत्रित ताण 70 ते 80 किलोंपर्यंत जातो. तो साउंडबोर्डवर चिकटवलेल्या ब्रिजवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) न टाकता टेलपीसमार्गे, म्हणजे तारांची टोके अडकवणाऱ्या भागामार्गे, खोक्याच्या खालच्या टोकाच्या ठोकळ्यावर नेला, आणि त्यामुळे साउंडबोर्डला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या बारीक ठेवता आल्या.

ध्वनिछिद्र मी मुद्दाम लहान कापले. छिद्र मोठे केले की पोकळीचा स्वर चढतो, आणि एकदा कापलेले लाकूड परत येत नाही. तारा लावून, थोडे थोडे तासत, दर वेळी सर्वांत खालच्या दोन तारा वाजवून ऐकल्या आणि त्या दोहोंचा जोर एकसारखा वाटू लागला तेथे हात थांबवला.