फळ्यावरची वजाबाकी

पुण्याच्या सिटी चर्चजवळच्या आमच्या शाळेकडून आठवणी लिहिण्याचं निमंत्रण आलं आणि पहिली आठवण झाली ती इतिहासाच्या बाईंची. बाकीच्या शिक्षकांचे उपकार कमी नाहीत, पण मला लिहायचं आहे ते बाईंबद्दलच.

१९७७ साल, नववीचा वर्ग. बाईंनी फळ्यावर फक्त १७९२ लिहिलं आणि विचारलं, “आपल्या चर्चला जागा मिळाली ते हे साल. तेव्हा पेशवा कोण?” मी हात वर करून ठणकावून सांगितलं, “दुसरे बाजीराव!” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला आणि १७९२ च्या खाली १७७४ लिहायला सांगितलं. “हे सवाई माधवरावांचं जन्मसाल. कर वजाबाकी.” उत्तर आलं अठरा. “तुझ्याहून चार वर्षांनी मोठा,” बाई म्हणाल्या. “जन्माआधीच वडील गेलेले, कारभार नाना फडणवीसांच्या हाती, आणि पुढं तीनच वर्षं आयुष्य. त्या मुलाच्या नावानं ही जागा मिळाली.”

पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते आणि दॉम मिगेल द नोरोन्हा हे त्यांच्यातले अधिकारी. या लोकांना प्रार्थनेला जागा हवी होती, म्हणून नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ, हे चर्च उभं राहिलं. हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या मूळच्या वसईच्या. “पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या माझ्या वसईवर पेशवे घराण्यातले चिमाजी अप्पा चालून आले, किल्ला पडला १७३९ ला. आता हेही वजा कर.” त्रेपन्न. “त्रेपन्न वर्षांपूर्वी ज्यांच्याशी लढाई केली, त्यांच्याच धर्माच्या लोकांना त्याच घराण्यानं पुण्यात जागा दिली. बघ, इतिहास किती लवकर कूस बदलतो.” बोलता बोलता त्यांनी माझ्या बाहीवरची खडूची भुकटी हातानं झटकली. तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली, आणि त्या डोळे मिटून क्षणभर उभ्या राहिल्या. आम्ही हिंदू, मुसलमान मुलंही गप्प उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं मी भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली. जुनी सनद हातात आली की पहिल्यांदा साल बघायचं, मग ती देणाऱ्याचं वय काढायचं, ही सवय बाईंची. एका गावच्या देवस्थान इनामाच्या प्रकरणात याच सवयीनं मला सालातली चूक सापडली. साहेबांनी शाबासकी दिली, तेव्हा मी मनात बाईंना नमस्कार केला.

प्रत्यक्ष नमस्कार मात्र राहून गेला. बाईंच्या निरोप समारंभाच्या दिवशी माझी १९९१ च्या लोकसभा निवडणुकीची ड्यूटी होती. नंतर जाऊ म्हणता म्हणता वर्षं गेली आणि एक दिवस बाई गेल्याचं कळलं. आता क्वार्टर गेटच्या गर्दीत सायकल थांबवून उभं राहायलाही जागा नसते, पण गेल्या ८ डिसेंबरला, चर्चच्या सणाला, मी मुद्दाम गेलो. एक मेणबत्ती लावली. कुणासाठी, ते सांगायला नको.

१९७९ च्या एस.एस.सी. बॅचपैकी कुणाकडे बाईंचा फोटो असेल, वर्गाच्या ग्रुप फोटोत का होईना, तर कृपया मला कळवा. माझ्याकडे एकही नाही.